बेवारस विहिरींचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या अभ्यासवर्गात मी मिथेन वायूवर बोललो. अमेरिकेत सोडून दिलेल्या तेल-वायूच्या विहिरींतून हा वायू कसा गळतो आणि त्या विहिरी आता सरकारी खर्चाने कशा बुजवल्या जात आहेत, हा माझा विषय होता. बोलणे संपल्यावर तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हे पोट भरलेल्यांचे प्रश्न आहेत. आपल्या वस्तीत प्यायला पाणी नाही. आपण अमेरिकेच्या वायूची चिंता कशाला करायची?" वर्गातल्या बऱ्याच मुलांनी माना डोलावल्या. मी तापमानवाढीचे चार आकडे सांगून वेळ मारून नेली. माझे उत्तर तिला पटले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नाही. त्या दिवशी द्यायचे राहून गेलेले उत्तर येथे देत आहे.

मी ज्या वस्तीत वाढलो तिच्या मागे दगडखाण होती. माझे वडील तेथे सुरुंगासाठी भोके पाडत आणि आई खडी फोडत असे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. माझ्या शिक्षणाचा पहिला पैसा त्याच खडीतून आला. मी आठवीत असताना दगड संपत आला आणि ठेकेदार आपली यंत्रे घेऊन निघून गेला. खड्डा तेवढा राहिला. पावसाळ्यात त्यात दोन पुरुष पाणी साचे. एका श्रावणात माझ्या वर्गातला मुलगा म्हैस धुवायला गेला आणि बुडाला. खड्डा बुजवा म्हणून वस्तीतली माणसे अर्ज घेऊन फिरली. प्रत्येक दारात एकच उत्तर मिळाले: खड्डा आमचा नाही. दगड निघत होता तोवर त्या जागेला मालक होता. दगड संपला आणि मालक नाहीसा झाला. अमेरिकेतल्या या विहिरींविषयी वाचताना मला ते अर्ज आठवत राहिले.

विहीर म्हटले की आपल्या समाजाला पाणवठा आठवतो आणि पाणवठ्यावरची मनाई आठवते. मी ज्या विहिरींविषयी लिहितो आहे त्या निराळ्या. आपल्याकडे बोअर मारतात तशीच ही अरुंद भोके असतात, पण पुष्कळदा हजारो फूट खोल. त्यांतून तेल काढतात, वायू काढतात.

१

ऑगस्ट १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यात टायटसव्हिल गावाजवळ एडविन ड्रेक याच्या विहिरीला सुमारे ६९ फुटांवर तेल लागले. अमेरिकेच्या तेलउद्योगाचा आरंभ येथून मानतात. त्यानंतर ज्याला जमेल त्याने, जमेल तेथे भोके पाडली. परसात पाडली, शेतात पाडली, जंगलात पाडली. या पेनसिल्व्हेनियातच विहीर खोदण्यासाठी सरकारी परवाना लागू लागला तो १९५० च्या दशकाच्या मध्यावर. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे कोणी कोठे किती खोल खोदले, याची पुरती नोंदच ठेवली गेली नाही. तेल आटले की खोदणारा पुढे जाई. फार तर भोकात झाडाचा बुंधा ठोकून, दगडगोटे टाकून जाई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लोखंडाला भाव आला तेव्हा अनेक जुन्या विहिरींतले केसिंगचे पाइपसुद्धा उपसून नेले गेले. त्यामुळे वरून पाहणाऱ्याला विहिरीची खूणही उरली नाही.

हे जुने झाले. पण नोंदी आल्या, कायदे आले, तरी विहिरी बेवारस होण्याचे थांबले नाही; त्याची रीत तेवढी बदलली. नवी, जोमदार विहीर बहुधा मोठ्या कंपनीच्या हाती असते. उत्पादन घसरले की ती विहीर लहान कंपनीला विकली जाते. ती कंपनी आणखी काही वर्षे चाटूनपुसून माल काढते आणि त्याहून लहान कंपनीला विकते. विहीर बुजवण्याचे कायदेशीर ओझेही विक्रीबरोबर खाली खाली सरकत जाते. शेवटच्या मालकाकडे पिंपे भरतील एवढे तेल नसते आणि बुजवायला पैसाही नसतो. तो दिवाळे काढतो. विहीर सरकारच्या दारात येते, म्हणजे कर भरणाऱ्या जनतेच्या दारात येते.

सरकारी इंग्रजीत अशा विहिरींना 'अनाथ' म्हणतात. मला हा शब्द खटकतो. आईबाप मेल्यावर मूल अनाथ होते. येथे कमाई घेऊन आधीचे मालक सुखरूप बाहेर पडलेले असतात. आपल्या बोलीतला 'बेवारस' हा शब्द अधिक जवळचा आहे. वारसा घ्यायला सगळे होते, वारस म्हणवून घ्यायला कोणी नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजाप्रमाणे उत्पादन थांबलेल्या तेल-वायूच्या विहिरी त्या देशात ३० लाखांहून अधिक आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त बुजवलेल्या नाहीत. यांपैकी ज्यांना जबाबदार मालकच उरलेला नाही अशा आणि राज्यांनी नोंदवलेल्या विहिरींची संख्या २०२० नंतरच्या मोजणीत सव्वा लाखाच्या पुढे गेली. हा आकडा फक्त नोंदवलेल्यांचा. ज्यांची नोंद नाही, त्या कोणाच्याच हिशेबात नाहीत.

२

अशा विहिरीतून काय बाहेर पडते? मुख्यतः मिथेन. या वायूला रंग नाही, वासही नाही. घरच्या सिलिंडरला किंवा शहरातल्या पाइपच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. १९३७ साली टेक्सास राज्यात न्यू लंडन येथील शाळेत गळलेल्या वायूचा स्फोट होऊन सुमारे ३०० मुले व शिक्षक मेले. वायूला वास देण्याची सक्ती त्यानंतर आली. विहिरीतून सरळ येणाऱ्या वायूत असा वास कोणी मिसळलेला नसतो. हवेत मिथेनचे प्रमाण शेकडा ५ ते १५ झाले की एक ठिणगी पुरते. जुन्या विहिरीवर घर बांधले गेले असेल तर वायू तळघरात साचतो आणि घरच्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

हवामानाच्या दृष्टीने पाहिले तर वीस वर्षांच्या काळात मिथेन हा तितक्याच वजनाच्या कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो. मात्र तो हवेत सरासरी १२ वर्षांच्या आसपासच टिकतो. म्हणून मिथेनची गळती आज थांबवली तर तिचा परिणाम आपल्या हयातीत दिसू शकतो. कार्बन डायॉक्साइडबाबत तसे म्हणता येत नाही.

२०१४ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील मेरी कांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या सोडून दिलेल्या विहिरींवर प्रत्यक्ष मोजमाप करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोवर या विहिरींतून फारसे काही येत नसावे, असे धरून चालत आणि सरकारी हिशेबात त्यांचा वायू मोजलाच जात नसे. मोजल्यावर दोन गोष्टी दिसल्या. दशकानुदशके बंद पडलेल्या विहिरीही गळत होत्या. आणि गळती सर्वत्र सारखी नव्हती: बहुतेक विहिरी थोडा वायू सोडत होत्या आणि मोजक्या काही पुष्कळ सोडत होत्या.

येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की अमेरिकेच्या एकूण मिथेनमध्ये या विहिरींचा वाटा लहान आहे. गुरेढोरे, चालू तेल-वायू उद्योग आणि कचऱ्याचे डेपो यांचा वाटा कितीतरी मोठा. म्हणजे केवळ जगाचे तापमान एवढाच मुद्दा असता, तर माझ्या विद्यार्थिनीचा आक्षेप बराचसा खरा ठरला असता. पण वायूबरोबर इतर गोष्टीही वर येतात. तेलाच्या थरातले पाणी समुद्राच्या पाण्याहून खारट असू शकते. ते पसरले की जमीन मरते. वर्षानुवर्षे तेथे गवत उगवत नाही. बेंझीनसारखी कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये हवेत येतात. आणि विहिरीचे सडलेले केसिंग जमिनीखाली गोड्या पाण्याच्या थरातून गेलेले असेल, तर हे सारे पिण्याच्या पाण्यात उतरते. हे पाणी कोण पिते, त्या जमिनीवर कोण राहते, तेथून पुढे प्रश्न सामाजिक होतो.

३

पण त्याआधी विहीर बुजवतात कशी ते पाहू, कारण 'त्यात काय, माती टाकली की झाले' असे आपल्याला वाटते. माती टाकून वायू अडत नाही. तो मातीतून, फटीतून वाट काढतो.

पहिले काम विहीर शोधण्याचे. जुने नकाशे, जुनी छायाचित्रे, म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या आठवणी असे सारे गोळा करतात. जमिनीत लोखंड असेल तर चुंबकीय मोजणीचे यंत्र ड्रोनला टांगून रान पालथे घालतात. विहीर सापडली की वायू मोजतात. डोळ्यांना न दिसणारा मिथेन दाखवणारे खास कॅमेरे आता आहेत. मग बोअरच्या गाडीसारखे यंत्र तेथवर न्यायचे. त्यासाठी कधी रस्ताही करावा लागतो. विहिरीत अडकलेले पंप, सळया, गंजलेले पाइप, शंभर वर्षांपूर्वी कोणी ठोकलेला बुंधा हे सगळे उपसून भोक तळापर्यंत साफ करायचे. या कामात पुष्कळदा सर्वांत जास्त दिवस जातात.

भोक साफ झाले की तळापासून वर सिमेंटचे बूच मारत यायचे. पहिले बूच तेल-वायूच्या थराशी, म्हणजे वायू जेथून येतो तेथेच. दुसरे गोड्या पाण्याच्या थराखाली आणि त्याच्या भोवती. शेवटचे जमिनीलगत. केसिंग आणि खडक यांच्यामधली फट हा फसवा भाग असतो. नळी आतून बंद केली तरी वायू नळीच्या बाहेरून चढतो. अशा वेळी केसिंगला जागोजाग भोके पाडून पातळ कालवलेले सिमेंट दाबाने त्या फटीत घालतात. सिमेंट घट्ट झाले की वरून वजन टेकवून बूच बसले की नाही ते तपासतात. मग जमिनीखाली काही फुटांवर केसिंग कापून त्यावर पोलादी झाकण जोडतात आणि विहिरीची जागा नकाशावर कायमची नोंदवतात.

यानंतरचे काम जमिनीचे. जुन्या टाक्या, तेल वाहून नेणारे पाइप काढायचे, तेलाने व खाराने नासलेली माती उचलायची, चांगली माती आणून उतार जुळवायचा, गवत लावायचे. हा भाग टाळता येत नाही. २०१७ साली कोलोरॅडो राज्यात फायरस्टोन येथे विहिरीच्या वापरात नसलेल्या, कापून सोडलेल्या पाइपमधून वायू घरात शिरला आणि स्फोटात दोन माणसे मेली.

हे काम करणारे हात बहुधा तेच असतात, ज्यांनी पूर्वी विहिरी खोदल्या. यंत्र तेच, कसब तेच. खोदण्याइतकेच बुजवणेही कुशल श्रमाचे काम आहे. खाणीवर राबलेल्या बापाच्या मुलाला ही गोष्ट वाचून बरे वाटले.

४

खर्च किती? डॅनियल राइमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली सुमारे १९,५०० विहिरींचे हिशेब तपासले. नुसती विहीर बुजवण्याचा मध्यम खर्च २० हजार डॉलर निघाला, आणि बुजवून वरची जमीन पूर्ववत करण्याचा ७६ हजार डॉलर. जितके खोल, तितका खर्च जास्त.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवू. विहीर खोदण्यापूर्वी कंपनीकडून हमीची रक्कम घेतात, हेतू हा की कंपनी पळाली तर त्या पैशातून विहीर बुजवता यावी. संघसरकारच्या मालकीच्या जमिनीवर ही रक्कम एका भाडेपट्ट्याला किमान १० हजार डॉलर, आणि कंपनीच्या एका राज्यातल्या सर्व पट्ट्यांना मिळून किमान २५ हजार डॉलर होती. १९५० आणि १९६० च्या सुमारास ठरलेले हे आकडे साठ वर्षांहून अधिक काळ तसेच राहिले. एका पट्ट्यावर अनेक विहिरी असू शकतात. म्हणजे डझनभर विहिरींच्या कंपनीने लाखो डॉलर खर्चून विहिरी बुजवाव्यात की दहा हजारांवर पाणी सोडून निघून जावे? हे गणित चौथीतल्या मुलालाही सुटेल. २०२४ साली या किमान रकमा वाढवून अनुक्रमे दीड लाख आणि पाच लाख डॉलर असा नियम करण्यात आला. दरम्यान दोन-तीन पिढ्यांचा नफा निघून गेला होता. माझा निष्कर्ष असा की विहिरी बेवारस होणे हा अपघात नाही. सोडून जाणे स्वस्त पडेल असे कायद्यानेच करून ठेवले होते.

१५ नोव्हेंबर २०२१ रोजी मंजूर झालेल्या पायाभूत सोयींच्या कायद्यात बेवारस विहिरी बुजवण्यासाठी ४.७ अब्ज डॉलर ठेवले गेले. त्यांतला बहुतेक पैसा राज्यांना, २५ कोटी डॉलर संघसरकारच्या जमिनींसाठी आणि १५ कोटी मूळनिवासी जमातींच्या जमिनींसाठी. एवढा पैसा या कामाला पूर्वी कधी मिळाला नव्हता. तरी ढोबळ गुणाकार करून पाहा: सव्वा लाख विहिरी गुणिले ७६ हजार म्हणजे साडेनऊ अब्ज. नोंदवलेल्या विहिरींनाच हा पैसा निम्मा पुरतो. मग प्रश्न येतो: आधी कोणाची विहीर बुजवायची?

५

या प्रश्नाचे उत्तर कळायला अमेरिकेतली वस्त्यांची रचना पाहावी लागते. १९३० च्या दशकात तेथे एका सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. गोऱ्या, सुस्थित वस्त्यांना हिरवा रंग आणि 'अ' श्रेणी. काळ्यांच्या, स्थलांतरितांच्या वस्त्यांना लाल रंग आणि 'ड' श्रेणी. लाल वस्तीत घरासाठी कर्ज मिळणे दुरापास्त. गावकुसाची रेषा आपल्याकडे धर्माने आखली; तेथे ती शहराच्या नकाशावर तांबड्या शाईने आखली गेली. २०२२ साली ३३ शहरांतले हे जुने नकाशे आणि तेल-वायूच्या विहिरींच्या जागा एकमेकांवर ठेवून अभ्यास झाला. 'ड' श्रेणीच्या वस्त्यांत विहिरींची दाटी 'अ' श्रेणीच्या जवळजवळ दुप्पट आढळली. हा अभ्यास पाहिला आणि मला माझ्या वस्तीमागची खाण पुन्हा दिसली.

मूळनिवाशांची कथा याहून जुनी. ओक्लाहोमा राज्यातल्या ओसेज जमातीने १९०६ च्या कायद्यात जमिनीखालच्या खनिजांचा हक्क सामुदायिक राखला. तेल निघाले, पैसा आला, आणि १९२० च्या दशकात त्या हक्कांसाठी ओसेज माणसांचे खून पडले. तेल पुष्कळसे उपसले गेले. सोडून दिलेल्या विहिरी मात्र आजही त्यांच्याच भूमीत आहेत.

म्हणून २०२१ च्या कायद्यातले एक कलम मला महत्त्वाचे वाटते. वर्णाने वेगळ्या, गरीब आणि मूळनिवासी समाजांवर या विहिरींचे जे अधिक ओझे पडले आहे ते ओळखावे आणि त्यावर उपाय करावा, असे त्यात म्हटले आहे. हे कलम असण्याने आणि नसण्याने काय फरक पडतो? फक्त वायू मोजून क्रम लावला, तर दूर जंगलातली जोरात गळणारी विहीर आधी येईल. फक्त तक्रारी मोजल्या, तर ज्यांना तक्रार लिहिता येते, वकील लावता येतो त्यांची विहीर आधी येईल. शेजारी राहणारी माणसे मोजली तरच लाल रेषेतल्या वस्तीचा नंबर लागेल. कलम असून भागत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पण कलम नसेल तर भांडायला जागाच उरत नाही. आणि या साऱ्याच्या आधी विहीर यादीत हवी. जी यादीत नाही तिला क्रमांक नाही, निधी नाही.

१९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकन निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांपुढे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. दूरच्या माणसाने अर्ज कसा लिहिला हे पाहून आपला अर्ज नीट लिहावा, ही वृत्ती त्यामागे होती. अमेरिकेच्या वायूची चिंता कशाला, या प्रश्नाला माझे उत्तर हेच आहे. तेथल्या माणसांनी या प्रश्नाची चार टोके वेगळी करून दाखवली: नफा कोणी नेला, हमी किती घेतली, यादीत कोण आहे आणि आधी कोणाचे दार. हे चार प्रश्न कोणत्याही खड्ड्याला विचारता येतात.

आपल्याकडे विचारायला जागाही आहे. सोडून दिलेल्या बोअरमध्ये लहान मुले पडून मरतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली देशभरासाठी निर्देश दिले. सोडून दिलेला बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरून काढावा, आणि वापरातले किती व सोडून दिलेले किती याची गावनिहाय माहिती जिल्हा पातळीवर ठेवावी, असे त्यांत आहे. पुढच्या अभ्यासवर्गाआधी मी त्या विद्यार्थिनीला आणि तिच्या मैत्रिणींना घेऊन आमच्या तालुक्याची ही माहिती मागायला जाणार आहे. माहिती तयार नसेल तर गावोगाव फिरून मुलेच ती करतील.

आमच्या वस्तीमागचा खड्डा त्या यादीत बसणार नाही, कारण तो बोअर नाही. त्याच्यासाठी निराळा अर्ज करावा लागेल. वडिलांच्या अर्जाची जुनी प्रत आईने ट्रंकेत जपून ठेवली आहे. ती समोर ठेवूनच नवा अर्ज लिहीन.